चारच्या चहाला मी येते

“अगं बाई, किती सुटलीस!”

लग्नाच्या मांडवात, भिशीत, हळदीकुंकवाला, एस.टी. स्टँडवर... चार महिन्यांनी भेटलेल्या बाईला आपण पहिलं वाक्य हेच बोलतो. ती कशी आहे, मुलं कुठे असतात, तिच्या आईच्या ऑपरेशनचं काय झालं, हे सगळं नंतर. आधी वजन. बोलणारीला वाटतं आपण काळजीपोटी बोललो. ऐकणारी हसते, “हो ना गं, थायरॉइड निघालाय” असं काहीतरी पुटपुटते आणि घरी गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन डब्याचं झाकण उघडते. हे झाकण मात्र कोणाला दिसत नाही.

मैत्रिणींनो, आज मी त्या झाकणाविषयीच लिहिणार आहे. व्यायाम कसा करावा, काय खावं, काय खाऊ नये यावर आपल्या पुरवण्यांत भरपूर लिहून येतं. पण स्वतः व्यायामाला लागलेल्या बाईची जिवाभावाची मैत्रीण जर दुःख झालं की खात असेल, तर त्या दोघींनी एकमेकींशी वागायचं कसं, हे कुठे वाचायला मिळत नाही. माझ्यापुढे हा प्रश्न दोन वर्षं आहे. ज्या मैत्रिणीबद्दल लिहिते आहे तिला विचारूनच लिहिते आहे. तिनं लेख वाचला, एक वाक्य खोडलं आणि म्हणाली, “नाव नको घालूस, बाकी छाप.”

आम्ही दोघी कराडच्या. एकाच गल्लीत सून म्हणून आलो, तीही एका वर्षाच्या अंतरानं. मी बी.ए. झाले, संसार सांभाळून बचतगटांचं काम करते. ती माझ्यापेक्षा हुशार, हिशेबाला पक्की, पण घराबाहेर पडणं तिला कधी जमलं नाही. तिच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं तिनं केलं, कपाळावर आठी न आणता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्या गेल्या. त्याच सुमारास मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. नवऱ्याचं दुकान, ते रात्री साडेनऊशिवाय घरी येत नाहीत.

सासूबाई गेल्यावर भेटायला आलेल्या बायका तिला हळूच म्हणत होत्या, “सुटलीस बाई एकदाची.” आणि सहा-सात महिन्यांनी त्याच बायका म्हणायला लागल्या, “किती सुटलीस!” आपल्या मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे. पण ती सुटली नव्हती हो. सहा वर्षं रोज दुपारी चार वाजता ती सासूबाईंना उठवून बसवायची, मानेखाली उशी लावायची, चहात पाव बुडवून भरवायची आणि गावातल्या चार गोष्टी सांगायची. त्या बोलायच्या कमी, ऐकायच्या सगळं. आता चार वाजता तिचे हात आपोआप गॅसकडे जात, चहा एकच कप व्हायचा आणि पुढचा तास तिला खायला उठायचा. मग तीच खात सुटायची. आधी खारी, मग शेव, मग लाडू, मग परत तिखट. ओट्याशी उभ्याउभ्याच, डब्यातून थेट तोंडात.

ही काही तिच्या एकटीची गोष्ट नाही. आकडे बघा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २००५-०६ साली देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत साडेबाराच्या आसपास स्त्रिया जास्त वजनाच्या होत्या. २०१५-१६ मध्ये त्या वीसच्या वर गेल्या आणि २०१९-२१ मध्ये २४ झाल्या. म्हणजे चौघींत जवळजवळ एक. आपल्या लोकांचं आणखी एक आहे. वजन फार वाढलेलं नसलं तरी चरबी पोटावर बसते, आणि मधुमेहाच्या दृष्टीनं पोटावरची चरबी जास्त वाईट. म्हणून डॉक्टर आता काट्याबरोबर टेपही काढतात. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, याच्या वर गेला की सावध व्हायचं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे असतो तोच टेप. एकदा लावून बघायला हरकत नाही.

आता “खाते कशाला मग? तोंडाला कुलूप लाव” असं म्हणणं सोपं आहे. पण मन दुखलं की गोड-तेलकटच का हवंसं वाटतं, काकडी का नाही? त्याला शरीराचंही कारण आहे. ताण असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते बराच काळ चढलेलं राहिलं की भूक वाढते, ओढ लागते ती गोडाची आणि तुपा-तेलाची. झोप अपुरी झाली तरी भुकेची गणितं बिघडतात. सहा वर्षं रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या बाईची झोप कशी असेल, विचार करा. शिवाय खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटं खरोखरच बरं वाटतं. खोटं नाही ते. खोटं एवढंच, की ते टिकत नाही. मागून अपराधीपणा येतो आणि तो घालवायला परत डबा.

आणि मला तर वाटतं, यात आपल्या रीतिरिवाजांचाही वाटा आहे. तुम्हीच आठवा, “तुला काय खावंसं वाटतंय?” हा प्रश्न आपल्याला आयुष्यात कधी विचारला गेला? डोहाळे लागले तेव्हा! झोपाळा सजवला, हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी भरली, आणि बाईच्या जिभेला नऊ महिने मान मिळाला. त्याआधी आणि त्यानंतर आपण विचारतो, आपल्याला कोणी विचारत नाही. मुलाला वांगं चालत नाही, ह्यांना भाजी तिखट लागते, सासऱ्यांना पोळी मऊ लागते. आपल्या वाट्याला पातेल्यात उरलेलं. “टाकायचं कशाला” म्हणून सगळ्यांत शेवटी पोटात ढकललेलं. घरातल्या बाईला “मला आज फार एकटं वाटतंय” म्हणता येत नाही. पण “मला भूक लागलीय” म्हणता येतं. म्हणून ती तेच म्हणते.

माझ्या मैत्रिणीला माहिती कमी नव्हती. २०१८ च्या सुमारास आपल्याकडे घराघरांत दोन पक्ष पडले होते, आठवतंय? एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आटपायचं. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, घरचं, आपल्या मातीतलं, पण थोडं थोडं आणि दर दोन तासांनी. भिशीत यावरून अक्षरशः भांडणं व्हायची. माझ्या मैत्रिणीनं दोन्ही करून पाहिलं होतं. कशात किती साखर आणि किती तेल हे तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. वाटीभर शेव खाल्ली की पाऊण तास चालल्याचं जवळजवळ सगळं पाण्यात जातं, हे मला तिनंच सांगितलं. दु:खानं खाणाऱ्या बाईला कोष्टक देऊन उपयोग नसतो, कारण तिचा प्रश्न जेवणाच्या वेळी येतच नाही. तो दुपारी चारला येतो आणि रात्री अकराला येतो.

आता माझ्याबद्दल. मी काही तिच्यासाठी व्यायाम सुरू केला नाही, माझ्या गुडघ्यांसाठी केला. बचतगटाच्या कामाला खेड्यांत जावं लागतं, एस.टी.ची पायरी चढताना दांडा धरून “आई गं” निघायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा ठीक आहे, मांडीचे स्नायू दुबळे झालेत. चाला, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. एवढंच. औषध नाही, पट्टा नाही. मला तर आधी फसवल्यासारखंच वाटलं!

पण चालायचं कधी? सहा वाजून दहा मिनिटांनी नळाला पाणी, सातला मुलीचा डबा. म्हणजे निघायचं पावणेसहापूर्वी. थंडीत त्या वेळी मिट्ट काळोख, आणि आमच्या कोपऱ्यावर चार कुत्री. मी मैत्रिणीकडे गेले आणि म्हटलं, “मला एकटीला भीती वाटते. सोबत येशील का?” ती लगेच “हो” म्हणाली. आजवर तिला “तू चालायला जा” असं सांगणारे डझनभर भेटले होते, त्यांना तिनं एकालाही दाद दिली नव्हती. माझ्या बोलण्यात तिच्या वजनाचा विषयच नव्हता. मला खरोखरच सोबत हवी होती. आणि सहा वर्षं दुसऱ्याला आधार देण्यात गेलेल्या बाईला कोणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं. काठी तिनं आणली, बिस्किटंही तिनंच आणली, कुत्र्यांसाठी.

कराडला ज्या येऊन गेल्या असतील त्यांना प्रीतिसंगम माहीत असेल. कृष्णा आणि कोयना इथं अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक होऊन वळतात. काठावर यशवंतरावांची समाधी आहे, बाग आहे. आमच्या गल्लीतून तिथवर जाऊन-येऊन चाळीस मिनिटं होतात. साडीवर बूट घालायला पहिला आठवडा लाज वाटली. कोणी बघेल म्हणून आम्ही पदर पुढे घेऊन चालत होतो, जसे काही पदरानं बूट झाकले जाणार होते. मग लक्षात आलं की त्या वेळी फिरायला आलेल्या निम्म्या बायका साडीवर बूटच घालतात.

जाता जाता एक सांगते. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत असं मोबाइल सांगत असतो, ते मनावर घेऊ नका. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं ते आपल्याला झेपणारं आहे: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम लागेल इतपत हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. दम लागेल इतपत म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतकं. आम्ही बोलण्याच्या बाबतीत कधी कमी पडलो नाही.

आठ महिन्यांत माझं वजन सहा किलो उतरलं. तिचं एक. इथून खरी अडचण सुरू झाली.

आम्ही दोघी दिसलो की लोक मला म्हणायचे, “वा! काय बारीक झालात!” आणि मग नजर तिच्याकडे वळायची. बोलायचे नाहीत, पण नजर बोलायची. काही तर बोलायचेही, “तुम्ही पण जाता ना यांच्याबरोबर?” एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशी पाय मुरगळला म्हणाली. मग पाहुणे. मग डोकं. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मी संध्याकाळी तिच्याकडे गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग ती म्हणाली, “तुझ्याबरोबर चालताना मला त्या जाहिरातीतल्या फोटोंसारखं वाटतं. आधी मी आणि नंतर तू.”

काय बोलणार यावर? वजन माझं उतरलं होतं, कष्ट मी केले होते, त्याची लाज वाटून घेण्याचं कारण नव्हतं. पण तिचं म्हणणंही शंभर टक्के खरं होतं. एक बाई बारीक झाली की शेजारची आपोआप जास्त जाड दिसायला लागते. अशा वेळी पुष्कळ मैत्री तुटतात, तुम्हीही पाहिलं असेल. व्यायामाला लागलेली बाई नव्या भक्तासारखी बोलायला लागते, “मी तर साखर सोडलीच,” “इच्छाशक्ती हवी बाई”. दुसरी तिला टाळायला लागते. किंवा उलटं होतं, मैत्री टिकवायची म्हणून पहिली परत ताटाला ताट लावून खायला बसते आणि सहा महिन्यांत गुडघे पुन्हा जागेवर. मला दोन्ही नको होतं. व्यायाम सोडायचा नव्हता, मैत्रीणही सोडायची नव्हती.

मी तिला म्हटलं, “सकाळी यायचं की नाही ते तू ठरव. मी पावणेसहाला दिव्याखाली पाच मिनिटं थांबणार, मग निघणार. फोन करणार नाही, दार वाजवणार नाही. पण उद्यापासून चारच्या चहाला मी तुझ्याकडे येते.”

“कशाला?”

“गटांच्या वह्या लिहायच्या असतात. माझ्या घरी टीव्ही चालू असतो.”

तेही खोटं नव्हतं. आमच्या घरी सासरे चार वाजता बातम्या लावतात, त्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतात. मी वह्या घेऊन जायला लागले. रोज नाही जमत, आठवड्यातून चार दिवस. ती चहा करायची, आता दोन कप. मी बेरजा करायची, चुकायची, ती दुरुस्त करायची. पंधरा दिवसांत वही तिच्याकडे गेली आणि मी नुसती चहा प्यायला लागले. आज आमच्या सात गटांचे हिशेब तीच बघते. मानधन फार नाही, पण तिच्या नावाने बँकेत जमा होतं.

मुख्य म्हणजे ती सासूबाईंबद्दल बोलायला लागली. दोन वर्षांत तिला कोणी बोलूच दिलं नव्हतं, कारण सगळ्यांच्या लेखी ती ‘सुटली’ होती. सासू गेल्याचं दुःख सुनेला होऊ शकतं, हे आपल्याकडे कोणाच्या डोक्यातच येत नाही. त्या शेवटी शेवटी तिला मुलीच्या नावानं हाक मारायच्या, हे तिनं मला एका दुपारी सांगितलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून अर्धा डबा चिवडा संपवला. हो, खाल्ला! मी “नको” म्हटलं नाही, डबा उचलून वर ठेवला नाही, “आज पुरे हं” असं डोळ्यांनीही सांगितलं नाही. रडणाऱ्या बाईसमोरून ताट ओढून घेणं मला जमणार नाही, कुणाच्या तब्येतीसाठीही.

त्या दिवसानंतर तिनं स्वतःच एक नियम काढला. उभ्यानं खायचं नाही. जे काय खायचं ते बशीत घ्यायचं, डब्याला झाकण लावायचं आणि बसून खायचं. “लाडू खायचा असेल तर खायचा, पण पाहुण्यासारखा खायचा,” हे तिचे शब्द. एखाद्या आहारतज्ज्ञानं हे सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. स्वतःचा नियम होता म्हणून बराचसा पाळला जातो. बशीत काढलेलं दिसतं तरी किती आहे ते. डब्यातलं दिसत नाही.

हे सगळं सुरळीत होतं असं समजू नका. संकष्टीला साबुदाणा खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस, म्हणजे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्याला लागू आहेच. मुलगा शनिवार-रविवार येऊन गेला की सोमवारची दुपार वाईट जाते. रात्री अकराचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझंही घर आहे, मी दहाला झोपते. ती सांगते की त्या वेळी कधी कधी दूध-हळद घेऊन आडवी होते, कधी कधी डबा उघडते. मी विचारत नाही. ती सांगते तेव्हा ऐकते.

मैत्रिणींनी काय करू नये ते मात्र मला आता नक्की सांगता येतं. दुसरीच्या ताटाकडे बघू नये. तिनं कमी खाल्लं तर शाबासकीही देऊ नये, कारण शाबासकी म्हणजे सुद्धा आपण मोजत होतो असंच झालं. सगळ्यांसमोर “तिला गोड नको वाढू गं, तिचं डाएट आहे” असं तर अजिबात म्हणू नये. आणि वाढणारीनंही आग्रह आवरावा! “एवढं काय, एकच घे, माझ्या हातचं आहे,” हे प्रेम असतं मान्य, पण सात घरी हळदीकुंकू म्हणजे सात वेळा एकच. मी आता बटाटेवड्याऐवजी वाणाबरोबर एक पेरू देते. पहिल्या वर्षी नावं ठेवली गेली. ठेवू देत.

रक्ताच्या तपासणीचंही सांगते. गेल्या वर्षी आमच्या आग्रहानं गटातल्या सगळ्यांनीच तपासणी केली, त्यात हिची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. ती रिपोर्ट हातात घेऊन गप्प बसली होती. तिच्या वडिलांचा पाय मधुमेहात गेलेला. मला धास्ती वाटली की आता भीतीनं ही आणखी खाणार. पण मला चेन्नईचा एक अभ्यास माहीत होता, तो मी तिला सांगितला. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच देशातल्या, उंबरठ्यावरच्या पाचशेहून जास्त लोकांना तीन वर्षांच्या आसपास पाहिलं आणि २००६ साली निष्कर्ष छापले. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यातल्या शंभरापैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालणं आणि खाण्यात थोडा बदल यासाठी सतत सोबत मिळाली, त्यांच्यात शंभरापैकी ३९ जणांना. आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन काही फारसं उतरलं नव्हतं! हे ऐकल्यावर ती दोन दिवसांनी पहाटे दिव्याखाली हजर. काठी घेऊन.

आता तिची साखर ६.० आहे. वजन एकूण अडीच किलो उतरलंय, लोकांच्या डोळ्यांना दिसेल असं काही नाही. पण एस.टी.ची पायरी ती न धरता चढते, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात शतपावली घालते, कारण जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते हे तिनं कुठेतरी वाचलंय. ते खरंही आहे. आमच्या दोघींत फरक आहेच आणि राहणार. तिला बारीक करणं हे माझं काम नाही, हे मी मनाशी पक्कं ठरवलंय. ती बारीक होईल न होईल, चार वाजता चहा तर होणारच.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. सगळंच मैत्रीनं होत नाही. आमच्या एका गटातली तरुण मुलगी थोड्या वेळात प्रचंड खायची, थांबताच यायचं नाही तिला, लपवून खायची, आणि नंतर स्वतःचा तिरस्कार वाटून दिवस दिवस बोलायची नाही. असं आठवड्यातून एकदा तरी, महिनोनमहिने होत असेल, किंवा खाल्लेलं मुद्दाम ओकून काढलं जात असेल, तर ती खादाडी नाही आणि आळसही नाही. तो आजार आहे. मानसोपचाराच्या अमेरिकन ग्रंथात २०१३ पासून अशा खाण्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे आणि त्यावर उपचार आहेत. झोप उडाली असेल, जगण्यात रस वाटत नसेल, तरी चहा पुरत नाही. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल, किंवा त्यांच्या दाराशी कोणी बघेल याची भीती वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मी आमच्या सगळ्या गटांच्या वह्यांच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. त्या मुलीला पहिला फोन माझ्या मैत्रिणीनं लावून दिला, ती शेजारी बसून राहिली. मी तिथं नव्हतेच.

आता पितृपक्ष जवळ आलाय. सासूबाईंच्या तिथीला ती भोपळ्याचे घारगे करणार आहे, त्यांना फार आवडायचे. मला जेवायचं बोलावणं आहे. मी जाणार आणि चांगले दोन घारगे खाणार. त्यांच्या आठवणीचं जेवण आहे, मोजून खायचं नाही. ती म्हणाली, “दुसऱ्या दिवशी पावणेसहाला भेटूच. फक्त एवढं सांग, संगमावर जायचं की आगाशिवचा डोंगर चढायचा?”

मी म्हटलं, “घारगे किती खातेस त्यावर.”

“मग डोंगर,” ती म्हणाली.